चिखलाची चाकरी

सरकारी नोकरीतल्या माणसाचा नात्यागोत्याला काहीतरी उपयोग व्हावा, ही अपेक्षा काही वावगी नाही. तहसील कचेरीतला भाचा सातबाऱ्याचं अडलेलं काम कुठे अडलंय ते सांगतो, आरटीओतले काका कोणत्या वारी रांग लहान असते ते सांगतात, रेल्वेतला जावई वेटिंगचं तिकीट कन्फर्म होणार की नाही यावर निदान अधिकारवाणीनं बोलतो तरी. मी सरकारी जीवशास्त्रज्ञ. ठाण्याच्या खाडीतले मासे, पक्षी आणि कांदळवन यांची राहती जागा शाबूत आहे की नाही हे बघायचं आणि बघितलेलं लिहून काढायचं, यासाठी सरकार मला पगार देतं. यातून कोणाचं काय भलं होणार? आमच्या आत्यानं एका लग्नात मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पापलेट तरी स्वस्त पडत असेल ना गं तुला?" पापलेटला सरकारनं २०२३ मध्ये राज्यमासा केलं, तेव्हापासून ते ताटात आलं की मला उठून उभं राहावंसं वाटतं, एवढाच आमचा संबंध. हे मी तिला सांगितलं. तिनं माझ्या आईकडे फार सहानुभूतीनं पाहिलं.

दुसरा हमखास प्रश्न वाघाचा. "जंगल खात्यात ना तू? मग वाघ किती पाहिलेस?" आमच्याकडे वाघ नाही, कोल्हा आहे, असं म्हटलं की प्रश्नकर्त्याचा आवाजच बसतो. मुंबई-ठाण्याच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे राहतात, लोकलच्या रुळांपासून आणि टॉवरांच्या दिव्यांपासून हाकेच्या अंतरावर आपला संसार चालवतात. ही मला तरी वाघाहून थोर गोष्ट वाटते. ताडोबात वाघ राहतो यात वाघाचं कौतुक ते काय? विक्रोळीत राहून दाखवावं त्यानं.

मी शिकत होते तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर डॉल्फिन होते, कासवं होती, झालंच तर निळ्या पाण्यात उडी मारणारी मी होते. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आला चिखल. राखाडी, काळा, चिकट, तळाशी कुजक्या अंड्याच्या वासाचा अस्सल चिखल. नोकरीचं पत्र हातात पडलं तेव्हा त्यात मासे आणि वन्यजीव असे शब्द होते, चिखलाचा कुठे उल्लेख नव्हता. आता वाटतं, प्रामाणिकपणे लिहायचं तर तेवढाच एक शब्द पुरला असता.

मासे राखायचे तर मासे सोडून बाकी सगळ्याकडे बघावं लागतं, हे या नोकरीत पहिल्यांदा शिकायला मिळतं. मासा स्वतःची काळजी घ्यायला समर्थ आहे. त्याला अंडी कशी घालायची ते ठाऊक आहे, पळायचं कधी ते ठाऊक आहे, त्यासाठी त्याला शासन निर्णय लागत नाही. त्याला लागते जागा. ती जागा नेमकी अशा ठिकाणी आहे, जिला भरतीला समुद्र म्हणावं आणि ओहोटीला जमीन. कागदोपत्री हा मोठा पेच आहे. दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारी वस्तू सात-बाराच्या उताऱ्यावर कशी बसवायची? महसुलाच्या दृष्टीनं ती जमीन, मच्छीमाराच्या दृष्टीनं ती खाडी, बिल्डरच्या दृष्टीनं ती अजून न झालेली जमीन. चालत्या बोटीतून बघणाऱ्या पर्यटकाच्या दृष्टीनं ती घाण. या चौघांच्या मध्ये गुडघ्याएवढ्या गाळात जी उभी असते ती मी.

सरकारी कचेरीला वेळ असते, खाडीलाही असते. दोन्ही वेळा पक्क्या आहेत, एवढंच की त्यांचं एकमेकींशी जमत नाही. आमच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशेब घड्याळापेक्षा तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. खाडीत जसजसं आत जावं तसतशी त्यात थोडी भर घालायची. हे गणित कोळीवाड्यातल्या पोराला पाढ्यांआधी येतं. मला ते आलं तेव्हा त्याच्या पोटातली थट्टाही लक्षात आली. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण म्हणजे पाणी मोठं चढतं आणि तेवढंच मोठं उतरतं. ज्यावर माझं सगळं काम अवलंबून तो चिखल लांबवर उघडा पडतो, तो याच दिवसांत. पण भरती बाराला, म्हणून ती अप्रतिम ओहोटी येते सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. एक कचेरी उघडायच्या आधी, दुसरी कचेरी बंद होताना. ऐन कामकाजाच्या वेळेत, दुपारी बाराला ओहोटी मिळते ती अष्टमीच्या आसपास. तेव्हा असतो भांग, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. चंद्राला मस्टरवर सही करायची नसते, हे या व्यवस्थेचं मूळ कारण. माझ्या टेबलामागे भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे. नवीन शिपाई आला की त्याला वाटतं मॅडम फार धार्मिक आहेत. मीही त्याचा समज दूर करत नाही. एकादशीला फराळाचं आणून ठेवतो बिचारा.

चिखलात चालणं ही एक साधना आहे. पाय टाकायचा तो पूर्ण विचार करून, उचलायचा तो कोणताही विचार न करता. थांबलात की रुतलात. नव्या मुलांना मी सांगते, बूट तुमचा असेल तर फीत घट्ट बांधा, सरकारी असेल तर आशा सोडा. आणि या रुतण्यातच खाली मान घालून बघायची सवय लागते. तिवराच्या झाडाभोवती बोटबोट उंचीची मुळं चिखलातून वर आलेली असतात. खालच्या गाळात हवाच नाही, म्हणून झाडानं श्वास घ्यायला मुळं उलटी, आभाळाकडे वाढवली. त्याचं पान उलटून चाटलं तर खारट लागतं, कारण नको असलेलं मीठ ते पानावाटे बाहेर टाकतं. कांदळाची तर आणखीच कमाल. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, चांगली वीतभर शेंग झाली की खाली सुटतं आणि ओहोटी असेल तर सरळ गाळात उभं राहतं. पांढरी चिप्पी ही २०२० पासून आपली राज्य कांदळवृक्ष आहे. तिची फुलं रात्री उमलतात, त्यामुळे कोणत्याही समारंभाला तिचा उपयोग नाही.

खाली निवटे असतात. हा मासा पाण्याबाहेर येतो, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून चालतो आणि डोक्यावर बसवलेले डोळे गरगर फिरवत आपल्याकडे बघतो. त्याच्या नजरेत मला नेहमी एक वरिष्ठ भाव दिसतो. मासा असून याला जमिनीवर चालता येतं, आणि ही बाई माणूस असून हिला चालता येत नाही, असं काहीसं. शेजारी चिमुकले खेकडे. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती तो सारखा वरखाली करत असतो. मादीला बोलावण्यासाठी करतो, पण दुरून बघणाऱ्याला वाटावं की शेकडो जण हात वर करून आपल्यालाच हजेरी देतायत. माझ्या आयुष्यात एवढी नियमित हजेरी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

हे सगळं बघून परतताना लोकल पकडते. कितीही गर्दी असो, मला बसायला जागा मिळते. माझ्या आजूबाजूच्यांनाही मिळाली असती, पण ते उठून दाराशी जातात.

आता या चिखलाचा माशांशी संबंध काय? कोळंबीचं उदाहरण घ्या. तिचा जन्म बाहेर समुद्रात होतो, पण डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी तिची पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, तिवराच्या मुळांत लपतात, खातात, पितात, अंगानं भरतात आणि मग समुद्राकडे परततात. खाडी हे त्यांचं आजोळ. तिथे खायला आहे आणि मारायला येणारं कोणी फारसं आत शिरू शकत नाही. बोईची पिल्लं, जिताड्याची पिल्लं, चिंबोऱ्या, सगळी याच गोतावळ्यातली. खारेपाटात जावयाच्या पानात जिताडा वाढणं ही प्रतिष्ठेची गोष्ट. त्या जावयाला कोणी सांगत नाही की तुझ्या पानातली तुकडी मोठी झाली ती कुठल्यातरी गाळात. सांगितलं तर तो बहुधा सासऱ्यांकडे संशयानं बघेल.

हा गाळ मरतो कसा, हेही बघावं लागतं. पूर्वी मला वाटायचं, कुऱ्हाडीनं. कुऱ्हाड सरळमार्गी असते. झाड तुटलेलं दिसतं, बुंधा दिसतो, पंचनामा होतो, गुन्हा दाखल होतो. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कांदळवनं नष्ट करण्याला राज्यभर मनाई केली, तेव्हापासून तर कुऱ्हाडवाल्यालाही दहादा विचार करावा लागतो. पण पाणी अडवणाऱ्याला कुऱ्हाड लागतच नाही. रस्त्यासाठी थोडा भराव टाकला, त्याखाली मोरी ठेवायची राहिली किंवा ठेवली ती राड्यारोड्यानं बुजली, की भरतीचं पाणी पलीकडे जात नाही. गाळ सुकतो, त्यातलं मीठ वाढत जातं आणि उभंच्या उभं रान करपतं. उलट आत आलेलं पाणी बाहेर पडलं नाही, तर वर आलेली श्वासाची मुळं बुडून झाड गुदमरतं. येणं थांबलं तरी मरण, जाणं थांबलं तरी मरण. पाणी नुसतं असून भागत नाही, ते येत-जात असायला लागतं. नेरूळच्या डीपीएस तलावाच्या पाण्याच्या वाटा बंद झाल्या आणि २०२४ मध्ये पाखरांच्या जागी भेगाळलेला गाळ उरला, तेव्हा ते सगळ्या शहरानं पाहिलं. एरवी हे मरण इतकं सावकाश येतं की कोणाच्या नावावर मांडताही येत नाही.

हे शास्त्र मी पुस्तकातून शिकले, पण त्याचा सारांश मला दिला तो खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या नाखव्यानं. मी दोरी लावून, चौकट टाकून, एकेक रोप मोजत होते. ते होडीच्या कडेवर बसून बराच वेळ बघत होते. शेवटी राहवलं नाही तेव्हा म्हणाले, "मॅडम, झारां मंग मोजा. पयलं पानी येतंय का नाय ता बघा." मी आजूबाजूला पाहिलं आणि वही मिटून त्यांच्यामागोमाग बांधावर गेले. तिथे एक मोरी होती. तिच्या तोंडात एक गादी, दोन गोणी आणि कोणाच्या तरी जुन्या सोफ्याचा हात होता.

तेव्हापासून माझं निम्मं आयुष्य मोऱ्यांपुढे गेलं आहे. पाइपचा व्यास किती, तो गाळाच्या पातळीपासून किती वर बसवला, भरतीच्या कुठल्या टप्प्याला पाणी आत शिरतं, यावर मी तासन्‌तास बोलू शकते आणि लोक ऐकून घेतात तोवर बोलतेही. इंजिनीअर मंडळींना सुरुवातीला वाटतं, माशांच्या बाईंना पाइपातलं काय कळतं. दोन बैठकांनंतर त्यांना वाटू लागतं, या बाईंना माशांतलं तरी काही कळतं का? खारभूमीच्या बांधांवर पाणी आतबाहेर सोडणारी उघाडी असते, ती कधी उघडायची आणि कधी पाडायची यावरून दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या अबोला असू शकतो. त्या अबोल्याच्या मधोमध उभं राहून क्षारतेची आकडेवारी वाचून दाखवणं, हेही माझ्या कामात मोडतं. शेतकऱ्याला खारं पाणी नको, कोळ्याला हवं, कोळंबीला खारं-गोडं दोन्ही थोडं थोडं हवं. कोळंबीची बाजू मांडायला बैठकीत एकटी मी.

या सगळ्यात खरी कीर्ती मात्र फ्लेमिंगोंची. दर हिवाळ्याच्या तोंडावर ते येऊ लागतात, लाखाच्या घरात जमतात आणि पावसाच्या आधी निघून जातात. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये ठाणे खाडीत सोळाशे नव्वद हेक्टरांचं अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ही खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. ऐरोलीहून बोट सुटते, लोक सुट्टी काढून, गॉगल लावून येतात. एक आजी तक्रार करत होत्या, "फोटोत तर चांगले गुलाबी होते, हे पांढुरके काय दाखवताय?" मी त्यांना सांगितलं, हा रंग जन्माचा नसतो. पिल्लू राखाडी असतं. गाळातलं शेवाळ आणि बारीक किडूकमिडूक खाऊन खाऊन दोन-तीन वर्षांत तो अंगावर चढतो. आजी क्षणभर बोटीखालच्या पाण्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे एवढं सुंदर ते या घाणीतून?" मी हो म्हटलं. आणखी एक गोष्ट मात्र सांगितली नाही. शहराच्या सांडपाण्यानं या खाडीतल्या शेवाळाला भरपूर खतपाणी मिळालं आणि त्याचाही फ्लेमिंगोंच्या गर्दीला हातभार लागला असावा, असं अभ्यासक म्हणतात. आजींच्या हातात डबा होता आणि त्या नुकत्याच खायला बसल्या होत्या.

हे सगळं अहवालात लिहायचं असतं. अहवालाची म्हणून एक भाषा आहे. तिच्यात सूर्य उगवत नाही, "सकाळच्या सत्रात" असं म्हणतात. पक्षी उडत नाहीत, "स्थलांतरित होताना आढळून येतात". या बाबतीत माझी कुलदेवता म्हणजे रेचल कार्सन. पुढे "सायलेंट स्प्रिंग" लिहून जगाला हलवणारी ही बाई आधी माझ्यासारखीच सरकारी जीवशास्त्रज्ञ होती, १९३६ पासून अमेरिकेच्या मत्स्य विभागात. खात्याच्या एका माहितीपुस्तिकेसाठी तिनं समुद्रावर प्रस्तावना लिहिली. तिचे साहेब एल्मर हिगिन्स यांनी ती वाचली आणि सांगितलं की सरकारी कामाला हे चालायचं नाही, फारच चांगलं झालंय, मासिकाकडे पाठव. "अटलांटिक मंथली"नं ते १९३७ मध्ये छापलं आणि एक लेखिका जन्माला आली. आपल्याकडेही वनखात्यात मारुती चितमपल्ली होऊन गेले. जंगल खात्याच्या नोकरीतून ते २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत पोचले. तेव्हा खात्यात राहून चांगलं लिहिता येत नाही, असं मला म्हणता येत नाही. माझा अहवाल फार चांगला आहे म्हणून परत आला, असं अजून घडलेलं नाही, एवढंच. परत येतो, पण परिशिष्ट ब जोडलेलं नसतं म्हणून.

हद्दीचंही एक गमतीचं प्रकरण असतं. माझी हद्द नकाशावर आखलेली आहे. जिवांना ती दाखवायची कशी? गुहागरला २०२३ मध्ये एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं बागेश्री. बागेश्री निघाली ती कोकण, गोवा, केरळ करत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ना रजेचा अर्ज, ना प्रवासभत्त्याचं बिल. मला शेजारच्या तालुक्यात गाळ बघायला जायचं तर दौरा मंजूर करून घ्यावा लागतो. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांशी आमचं नातं अशाच पाहुण्यांमुळे जुळतं. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क सापडला आणि त्यांनी जाळं कापून सोडून दिला, तर राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. योजना २०१८ पासूनची आहे आणि पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. त्यामुळे माझ्या फोनमध्ये घरच्यांपेक्षा कासवांचे व्हिडिओ जास्त आहेत. हलणारी होडी, वाऱ्याचा खरखराट, चार जण मिळून उचललेलं कासव, मग पाण्यात धप्प, आणि शेवटी कोणीतरी ओरडतो, "गेला रं!" त्या ओरडण्यात भरपाईचा आनंद नसतो. भरपाई तर जाळ्याची असते, गेलेल्या दिवसाची कोणी देत नाही. हे ठाऊक असूनही माणसं सुरी काढतात आणि आपलंच जाळं कापतात.

वर्षाच्या शेवटी एक तक्ता भरायचा असतो. त्यात "ठळक कामगिरी" असा रकाना आहे. माझी त्याच्याशी दरवर्षी झटापट होते, कारण माझ्या कामात यश आलं की दाखवायला काही उरत नाही. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो. मी काय दाखवू? हा भराव पडला नाही, ही मोरी बुजली नाही, हे रान करपलं नाही, ही कोळंबी मेली नाही? न झालेल्या गोष्टींची यादी कोणत्या परिशिष्टात बसते? एकदा सगळा संकोच सोडून मी रकान्यात खरं ते लिहिलं. बांधाजवळच्या मोरीतून भरतीला पाणी आत येते व ओहोटीला बाहेर जाते. बस्स. माझ्या मते वर्षभराच्या नोकरीचं त्याहून मोठं फळ नव्हतं.

तक्ता परत आला. समासात साहेबांचा शेरा होता, "माहिती योग्य. सोबत फ्लेमिंगोचा फोटो जोडावा."

मी जोडला, आणि चांगला ठसठशीत गुलाबी निवडून जोडला. फोटो पाहून कोणीतरी वर मान डोलावतो, मान डोलावली की निधीच्या यादीत नाव राहतं, आणि निधी आला की गाळ उपसायला माणसं मिळतात. फ्लेमिंगोला यातलं काही ठाऊक नाही, तो बिचारा मान खाली घालून चिखलातच शोधत असतो. पण आमच्या खाडीत लोकांना आवडेल असा चेहरा असलेला कर्मचारी तो एकटाच आहे, आणि मोरी साफ ठेवायची तर कोणीतरी देखणं असावं लागतं.